फ्लशच्या दांड्याची हकीकत, व्याह्यांच्या सेवेशी

तांबरम, मद्रास
(हल्ली चेन्नई लिहितात, पण पत्र दोन्ही नावांनी पोचतं)
वैशाख, सन २००४

श्री. त्र्यंबकराव व्याही यांस तांबरमहून मानाजीचा हात जोडून रामराम. विहीणबाई जयवंतीबाईंनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल चोळणं चालू आहे की कंटाळून सोडलंत? सोडू नका, गुडघा हा माणसाचा सूड घेणारा अवयव आहे. विहीणबाईंचा खोकला भर उन्हाळ्यातही जात नाही असं सावनीकडून कळलं, वाईट वाटलं. बार्शीला ऊन फार असेल. इकडेही आहे, पण इकडचं ऊन ओलं असतं. माणूस एकाच वेळी तापतो आणि भिजतो. आम्ही सर्व सुखरूप. सावनीला सातवा लागला. तब्येत उत्तम, जेवण दोन्ही वेळा, पायाला सूज नाही (संध्याकाळी थोडी येते, पण तेवढी सूज धरत नाहीत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे तसंच म्हणाल्या असाव्यात, त्या तमिळमध्ये म्हणाल्या). हेरंब कारखान्यात जातो-येतो. मी आहे.

पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा घेऊन सावकाश बसावं. थोडक्यात कसं लिहावं हे ज्या इयत्तेत शिकवतात तिच्या आधीच माझी शाळा सुटली.

कारण असं की गेल्या रविवारी फोनवर सावनी आईशी बोलता बोलता म्हणाली, फ्लशचा दांडा सैल झालाय, बादल्या उचलाव्या लागतात. त्यावर तुम्ही फोन हातात घेतलात आणि हेरंबला जे बोललात ते मला पलंगावर बसल्या जागी ऐकू आलं (तुमचा आवाज अजून खणखणीत आहे, देवाची कृपा). सातव्या महिन्यात पोर पाणी वाहते म्हणजे काय, आम्ही तिकीट काढून येतो आणि तिला घेऊनच जातो, आता बाळंतपण इकडेच, असं तुम्ही म्हणालात. हेरंब हो हो म्हणाला. तो सगळ्यांनाच हो हो म्हणतो, त्याच्या कारखान्यात तशीच पद्धत आहे. पण त्र्यंबकराव, आपलं ठरलं होतं की बाळंतपण इथे, आणि नववा लागला की विहीणबाईंनी यायचं. सावनीच तसं म्हणाली होती. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुमच्या मनात गैरसमज राहू नये म्हणून जे घडलं ते सगळं खरं लिहितो. व्याह्याला संडासाबद्दल पत्र लिहिणारा आपल्या दोन्ही घराण्यांत मी पहिलाच असेन. क्षमा असावी.

तुम्हाला ठाऊक आहेच, मी जन्मभर कुर्डुवाडीच्या केबिनात लिव्हरमन होतो. सिग्नलचा लिव्हर म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्याच्या टोकाला मैलभर तार, तारेच्या टोकाला सिग्नल. हातात फडकं घ्यायचं (नाहीतर घामाने मूठ सुटते आणि लिव्हर छातीवर येतो), एक पाय पुढे रोवायचा, आणि सगळं अंग मागे टाकून तो स्वतःकडे ओढायचा. अर्धवट ओढला तर सिग्नल धड वर नाही, धड खाली नाही, आणि ड्रायव्हर शिट्ट्या मारून गाव गोळा करतो. त्यामुळे कुठलाही दांडा अर्धवट ओढू नये ही गोष्ट माझ्या हाडात बसलेली आहे. आता या घरातलं ते विलायती आसन, त्याच्यामागे चिनी मातीची टाकी, आणि टाकीला समोरून चमकता दांडा. मी इथे राहायला आलो तेव्हा हेरंबने एवढंच सांगितलं की अण्णा, झालं की दांडा. पुढचं सांगायला तो लाजला. मी फडकं घेतलं, पाय रोवला आणि ओढला. पाणी आलं, पण आढेवेढे घेऊन. मला वाटलं नवीन आहे, जड जात असेल. पुढे कितीतरी दिवस मी तो तसाच ओढत राहिलो (ओढून झाल्यावर भिंतीवर दोनदा टकटक करत असे, पलीकडच्या केबिनला घंटा द्यायची सवय, दुसरं काही नाही). तो दांडा ओढायचा नसतो, खाली दाबायचा असतो, तेही दोन बोटांनी, हे मला कुणीच सांगितलं नाही. घरातली माणसं लाजाळू असली की असं होतं.

दांडा आधी दुधाच्या दातासारखा हलायला लागला. मग एक दिवस मान टाकून लोंबायला लागला. तो लोंबला की आत साखळी ओढलेलीच राहते, भोकावरचं रबर उघडं राहतं आणि पाणी वाहतच राहतं. इतर कुठल्या गावात याची कुणी फिकीर केली नसती. पण यंदा मद्रासेत पाण्याचं काय झालंय ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. नळाला पाणी नाही. बोअर खारट, तेही तळाला गेलेलं. पाण्याची लॉरी आली की रस्त्यात रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची रांग लागते आणि शिकलेल्या बायकाही एकमेकींच्या आया काढतात (म्हणजे मला वाटतं तसं, तमिळमध्ये काढतात). आमच्या घरात मालक सकाळी मोटर लावून गच्चीवरची टाकी भरतात आणि तिच्यात तीन बिऱ्हाडांनी दिवस काढायचा. तर त्या दिवशी आमच्या दांड्याने मान टाकली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत अख्खी टाकी आमच्या संडासातून निघून गेली. वरच्या मजल्यावरचे चंद्रमौळी बँकेत अधिकारी आहेत. ते तेव्हा डोक्याला साबण लावून नळाखाली उभे होते. ते तसेच टॉवेल गुंडाळून जिन्यात आले. डोळे मिटलेले, हात पुढे पसरलेले, आणि तोंडाने अखंड बोलत होते. मी नमस्कार केला. त्यांना दिसला नसावा.

मग घरमालक वादिराजराव आले. हे तंजावरकडचे मराठी. पूर्वज राजांच्या वेळी इकडे आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकली की जुन्या पोथीला तमिळ चाल लावल्यासारखं वाटतं. पण मला या गावात बाहेर मराठीत बोलणारं हेच एक माणूस, आणि नेमकं तेच माझ्यावर रागावलेलं. "काय हो मानाजीराव, समुद्र सोडून टाकले की हो वरती! अय्यो, एक लॉरी पाणी म्हणजे काय, ठाऊक आहे कां तुम्हांस?" असं म्हणून त्यांनी संडासातल्या टाकीखालचा कॉक बंद केला आणि प्लंबर येऊन दांडा नीट करीपर्यंत तो उघडायचा नाही, बादलीने पाणी घाला, असा हुकूम करून गेले. प्लंबर म्हणजे त्यांच्याच ओळखीचा. तो रोज फोनवर 'नाळै' म्हणतो. नाळै म्हणजे उद्या. यंदा सगळे प्लंबर बोअरच्या आणि लॉरीच्या कामावर आहेत, दांड्याला कोण विचारतो? हेरंबला सांगितलं तर तो म्हणाला, रविवारी बघू. रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी सावनीला जड उचलायची सक्त मनाई केली आहे (हे त्यांनी हातवारे करून सांगितलं, त्यामुळे मला नक्की कळलं). म्हणून मी ठरवलं की बादल्या मी भरायच्या. अर्ध्या अर्ध्या भरून आत ओळीने मांडून ठेवायच्या, म्हणजे तिने नुसतं तांब्याने पाणी ओतावं. पण त्र्यंबकराव, तुम्हीच सांगा, सासऱ्याने आपल्यासाठी संडासात पाणी भरून ठेवावं हे कुठल्या सुनेला बघवेल? तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बोलणार काय आणि कुठल्या शब्दांत? ती फार तर म्हणायची, "अण्णा, तुम्ही त्या तिकडचं राहू द्या." मी म्हणायचो, "तिकडचं कशाचं? मी आपला झाडांना पाणी घालत होतो." घरात झाड नाही. मग ती माझ्या आधी उठून स्वतःच बादली भरून ठेवायला लागली, माझ्या नजरेस पडू नये म्हणून. ते कळल्यावर मी तिच्या आधी उठायला लागलो. मग ती माझ्या आधी. पोर अंथरुणातून हलली की माझे कान उभे राहायचे आणि आम्ही दोघं अंधुक उजेडात बादलीच्या कडीला एकदमच हात घालायचो. तिचं ते पोट, कपाळावर घाम, आणि तरी ती कडी सोडत नव्हती. यातलं तुम्हाला फोनवर तेवढंच कळलं की पोर बादल्या उचलते. ते खोटं नाही, पण पलीकडून कुणीतरी त्याच बादल्या धरून होतं, हेही तुमच्या कानावर असावं.

शेवटी ठरवलं की दांडा आपणच दुरुस्त करायचा. टाकीचं झाकण काढलं (ते इतकं जड असतं हे माहीत नव्हतं, कुठे ठेवावं ते सुचेना म्हणून माझ्याच पलंगावर उशीवर ठेवलं). आत वाकून पाहिलं. दांडा आतल्या बाजूने एका चाकीने, म्हणजे नटाने, आवळलेला असतो, तीच सैल झाली होती. मनात म्हटलं, एवढंच ना! पाना घेतला आणि जगातल्या सगळ्या चाक्या जिकडे आवळतात तिकडे फिरवला. काय सुरेख फिरली, लोण्यासारखी! पण जो जो आवळावी तो तो दांडा जास्तच डुगडुगायला लागला. मला वाटलं, माझाच जोर कमी पडतोय, वय झालं. आणखी जोर लावला. ती पार शेवटच्या आट्यावर आली. आता पडली तर भोकातून जाईल या भीतीने मी हात काढून घेतला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. मान मोडलेल्या चिमणीसारखा दांडा बाहेर लोंबत राहिला. आटे झिजले, असा मी निष्कर्ष काढला.

मग नवा दांडा आणायला बाजारात गेलो. नमुना नेता येईना, तो टाकीला अडकलेला. दुकानदाराला हिंदी नाही, मला तमिळ नाही. आधी मी हवेत दांडा ओढून दाखवला. त्याने दरवाजाची कडी काढून दिली. मी मान हलवून पाण्याचा आवाज काढून दाखवला. त्याने नळ दिला. आता दुसरा इलाज नाही म्हणून मी आजूबाजूला बघितलं, दुकानासमोर जरासा बसल्यासारखा झालो, उठलो, मागे वळलो आणि पुन्हा हवेत दांडा ओढला. तोवर माणसं जमली होती. एका बाईने लेकराचे डोळे झाकले. दुकानदाराचा चेहरा एकदम उजळला, तो आत गेला आणि त्याने मला प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणून दिलं. एवढ्या लोकांसमोर ते परत करण्याचं मला धैर्य झालं नाही, मी ते घेऊन आलो. (ते सावनीला आंघोळीला उपयोगी पडतं, तेव्हा फुकट गेलं असं नाही.)

घरी येऊन मग केबिनातली अक्कल चालवली. म्हटलं, मैलभर लांबचा सिग्नल आपण तारेने ओढला, हातभर टाकीचं काय एवढं! आतली साखळी दांड्यापासून सोडवली, तिला नायलॉनची दोरी बांधली, झाकणाच्या फटीतून काढून खिडकीच्या गजावरून फिरवली, दाराशी आणून सोडली आणि टोकाला माझ्या जुन्या छत्रीची मूठ बांधली. कॉक हळूच उघडला. काय सांगू, दोरी ओढली की धो धो पाणी, सोडली की बंद. बादल्या मी उलट्या करून ठेवल्या. सावनी आत जाऊन आली, पाणी वाजलं, आणि बाहेर येऊन ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णा, चहा टाकू?" मला कुणी शाल घातली असती तरी एवढं वाटलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंबने, माझ्या मुलाने, इंजिनियरने, आंघोळ करून आपला ओला टॉवेल त्या दोरीवर वाळत घातला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. चंद्रमौळी या वेळी ओरडले नाहीत, ते नुसते जिन्यात येऊन बसले. वादिराजराव वर आले. त्यांनी टॉवेल पाहिला, दोरी पाहिली, छत्रीची मूठ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "हें सगळें काढून टाका. तो दांडाही काढून मजजवळ द्या. मी इथें उभा राहून पाहतों. आणि हेरंबास सांगा, एवढ्या महिन्यानंतर दुसरें घर पाहा." त्र्यंबकराव, सातव्या महिन्यातली पोर, या गावात, या उन्हाळ्यात, कुठे घर बघत फिरणार? सावनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातला कालथा खाली आला. मी झाकण काढलं, दोरी सोडली. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. पाना लावला आणि दांडा काढून द्यायचा म्हणून चाकी जगातल्या सगळ्या चाक्या जिकडे सुटतात तिकडे फिरवायला लागलो.

ती सुटेना. मी आणखी जोर लावला. ती घट्ट झाली. मी म्हटलं, आता ही मेलीसुद्धा माझ्यावर उठली का? आणखी एक फेरा दिला तर बाहेर लोंबणारा दांडा हळूहळू मान वर करून ताठ उभा राहिला. या दांड्याच्या चाकीला उलटे आटे असतात हो! सोडायला जावं तर आवळते आणि आवळायला जावं तर सुटते. इतके दिवस मी आवळून आवळून ती सोडत आणली होती. मी साखळी पुन्हा दांड्यात अडकवली, दांड्याला हात लावला, हलेना. वादिराजरावांनी लावला, त्यांनाही हलेना. "सरि," म्हणजे ठीक, ते म्हणाले, "नीट करूनच टाकले की! एकदां दाबून दाखवा. एकदांच हो, दोनदां नको." शेजारच्या घरातून बादलीभर पाणी मागून आणलं, टाकीत ओतलं आणि दांडा सावनीने दाबला, दोन बोटांनी. पाणी गेलं आणि थांबलं. वादिराजराव घराचं पुन्हा काही बोलले नाहीत, खाली जाताना एवढंच म्हणाले की पोरीस कैरी पाठवून देतों.

ते गेल्यावर सावनी हसायला लागली. मी तिला इतकी हसताना पाहिली नव्हती. पदराने तोंड दाबून, भिंतीला टेकून हसत होती. "अण्णा, उलटे आटे!" म्हणायची आणि पुन्हा हसायची. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबेना. हसण्याचंच असणार.

तर असं आहे. दांडा पक्का आहे, बादल्या बंद आहेत, घर कायम आहे. पाणी सोडलं तर इथे कशाची कमतरता नाही. शहाळी दारात येतात, डॉक्टरीणबाई दोन गल्ल्या सोडून आहेत, हवा (दुपार, सकाळ आणि संध्याकाळ सोडली तर) चांगली आहे. तेव्हा तिकिटाची धावपळ करू नये. तुमचा गुडघा, विहीणबाईंचा खोकला आणि दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास यांचा मेळ बसत नाही. ठरल्याप्रमाणे नवव्यात विहीणबाईंनीच यावं. घरातल्या सर्वांस यथायोग्य सांगावं.

आपला,
मानाजी

ता. क. दांडा आता मीही दोन बोटांनीच दाबतो. फडकं सावनीने काढून घेतलं आहे.

ता. क. दुसरा. लेक बाळंत होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही असा तुमचा जुना नेम आहे, हे मी वादिराजरावांना सांगितलं. ते म्हणाले, असे पाहुणे पाठवा, हवे तितके दिवस ठेवून घेतों.

ता. क. तिसरा. हे पत्र लिहून पाकिटात घातलं होतं, परत काढलं. त्र्यंबकराव, आज दुपारी सावनी फोनपाशी गेली, बार्शीचा आकडा फिरवायला लागली, मी तिथेच पलंगावर बसलोय असं पाहिलं आणि फोन खाली ठेवून भाजी निवडायला गेली. फोन माझ्या पलंगाजवळच आहे, मी सदा तिथेच असतो. माझ्यादेखत पोर आईशी काय बोलणार? आई, मला घरी यायचंय, असं सासऱ्यासमोर कसं म्हणणार? दांडा सैल झालाय, एवढंच म्हणता आलं तिला. ते मी आणि हेरंब दांड्याचं समजलो, तुम्ही तरी बरोबर समजलात. बाळंतपण इथे करू असं ती म्हणाली होती ते मला जेवायला कोण घालील म्हणून म्हणाली होती. भात मला येतो, बाकीचं वादिराजरावांच्या घरून कोणीतरी शिकवील.

तेव्हा वर लिहिलेलं सगळं राहू द्या आणि तिकीट काढा. मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका, कळलं तर ती यायची नाही. तुम्ही आलात की मी थोडा रागावेन. ठरलं होतं काय आणि करता काय, असं म्हणेन, कदाचित दारात आडवाही उभा राहीन. तुम्ही माझं काही एक ऐकू नका. तिला घेऊन जा.